आमच्या पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) रिव्ह्यू: ओपीडीला तीन स्टार, फिल्डला पाच

सिंधुदुर्गातल्या सरकारी दवाखान्यांचे मॅपवरचे रिव्ह्यू वाचले तर एकतर "डॉक्टर जाग्यावर नव्हते" नाहीतर "एकदम बेस्ट", मधलं काहीच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. केंद्राचं नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच कोणाच्या तरी मागे चौकशी लागायची.

आधी ओपीडी. सकाळी गेलात तर काम होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरलासुद्धा पैसे नाहीत, तपासणी, औषध सगळं फुकट, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सुट्टे पैसे मुठीत धरून खिडकीशी उभी असतात. डॉक्टर मॅडम नीट विचारतात, समजावून सांगतात, पण नियमाने डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक पीएचसी, मग सोमवारच्या गर्दीत पेशंटच्या वाट्याला येणार किती वेळ? खरा वैताग बीपी-शुगरच्या गोळ्यांचा. कधी महिनाभराच्या देतात कधी दहाच दिवसांच्या, विचारलं की "स्टॉक नाय इलो". वरच्या वाडीतून येणाऱ्या आजीला रिक्षाचं भाडं परवडत नाही, मग ती गोळ्या एक दिवसाआड घेते आणि बीपी वाढलं की ओरडा परत तिलाच. गणपतीत तर बोलूच नका, चाकरमानी आले की गावं दुप्पट होतात, तापखोकल्याची औषधं दीड दिवसाच्या गणपतीआधीच संपतात. अरे, गणपती काय अचानक येतात? औषधं मागवताना कॅलेंडर बघायला काय होतं!

लसीकरण मात्र खाजगीपेक्षा इथेच करा, हे ठामपणे सांगतो. लसीच्या फ्रिजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलेलं असतं, आमच्याकडे पावसात लाईट कशी जाते ते माहितीच आहे, त्यामुळे ती वही मला त्या भिंतीवरच्या सगळ्या पोस्टरपेक्षा मोलाची वाटते. सिस्टर कुपी उघडण्याआधी तिच्यावरचा उष्णतेने काळा होत जाणारा चौकोन बघतात, तो बाहेरच्या गोलाइतका काळा झाला असेल तर ती लस बाद. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) डोसनंतर ताप येईल, पॅरासिटामॉल कसं द्यायचं, पुढची तारीख कुठली, सगळं सांगतात आणि अर्धा तास बसवूनच घेतात, कितीही घाई असली तरी.

कुत्रा चावला तर लस इथे मिळते, ० (म्हणजे पहिल्या लसीचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, पण जखम खोल असली की सिरम (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) पण लागतं आणि ते इथे नसतं, ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. तिथे जायच्या आधी घरीच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, हळद-चुना काही लावू नका.

आता फिल्ड. या केंद्राची खरी कमाई बिल्डिंगच्या बाहेर आहे आणि ती कुठल्याच रिव्ह्यूत येत नाही. लावणीच्या दिवसात आशाताई छत्री घेऊन कुणग्याच्या मेरेवर (भातखाचराच्या बांधावर) उभ्या असतात. उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पाण्यात येतात, पायाला जरा चीर असली की आत शिरतात, म्हणून चिखलात काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिनची गोळी. ताई गोळी हातात देऊन निघून जात नाहीत, "आधी काय खाल्लंत?" विचारतात, कारण उपाशीपोटी घेतली की पोटात जळजळतं आणि पुढच्या आठवड्यात तो माणूस गोळी गुपचूप तरव्यात (भाताच्या रोपांत) टाकतो, मग समोरच गिळायला लावतात. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती गोळी चालत नाही, ते पण घराघरातलं त्यांना तोंडपाठ. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या ठणकतायत असं कोणी म्हटलं की "अंगदुखीची गोळी घेऊन पडून ऱ्हवा नको" म्हणून त्याच संध्याकाळी रक्त तपासायला हाकलतात. लेप्टोत उशीर झाला की किडनीवर जातं, आणि मग धावाधाव.

उन्हाळ्यात हीच माणसं काजूच्या बागांत. दोडामार्गात २०१६ ला माकडताप (गोचीड चावून होणारा ताप) निघाल्यापासून माकड मेलेलं दिसलं की आधी यांना फोन. अंगाला लावायचं तेल वाटतात, गोचीड कशी काढायची ते दाखवतात. आरोग्य सेवक टाकीत, पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधतो, विहिरीत गप्पी मासे सोडतो, लोक त्याच्यावर हसतात, पाणी ओतायला लावलं की भांडतात पण. या सगळ्याला पाच स्टार. आणि आशाताईंचा मोबदला वेळेवर येत नाही म्हणून जे कोणी जबाबदार असतील त्यांना शून्य.

सगळ्यात कच्चं काम रात्रीचं. साधी डिलिव्हरी सिस्टर व्यवस्थित करतात, पण जरा गुंतागुंत दिसली की पुढे, आणि "पुढे" म्हणजे शेवटी बऱ्याचदा गोव्याला, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. तिथे २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना फी लागते, आणि त्यात पावसाळ्यातला घाटवळणाचा रस्ता. साप चावल्यावरचं इंजेक्शन इथे ठेवतात, घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारांवर एकच चालतं, त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ इथेच आणा, पण निघण्याआधी फोन करून डॉक्टर क्वार्टरमध्ये आहेत ना ते विचारा. आमच्या शेजाऱ्यांना रात्री दारातच "पुढे न्या" ऐकावं लागलं होतं, सुदैवाने साप बिनविषारी निघाला. एवढ्या एका गोष्टीमुळे ओपीडीचा चौथा स्टार कापला.

पार्किंग आहे, पाणी प्यायला मिळतं, टॉयलेटचं विचारू नका. जाताना जुना केस पेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, "ती पांढरी गोळी" सांगून कोणालाच काही कळत नाही.