साधा चाप की दुहेरी? ठासणीच्या रायफलीचा एक निर्णय

चाप (ट्रिगर) बसवायची वेळ नळी आणि लॉक, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, यांच्यानंतर येते, पण तो कुठला हे लॉक घेण्याआधीच ठरवावं लागतं. (मराठीत चापालाही घोडा म्हणतात. इथे घोडा म्हणजे गारगोटी धरणारा.)

लॉकच्या आत टंबलर, म्हणजे घोड्याबरोबर फिरणारा तुकडा, असतो. त्याला दोन खाचा, एक घोडा अर्धा चढवल्यावरची आणि एक पूर्ण. सिअर नावाच्या अडसराचं टोक त्यांत अडकतं; चाप त्याची दांडी वर ढकलून ते सोडवतो. साधा चाप ओढताना बोटाने सिअर वर उचललेलाच राहतो, म्हणून टोक अर्ध्या खाचेला न लागता पुढे जातं. दुहेरी चाप मात्र स्प्रिंगच्या जोरावर सिअरला नुसती टिचकी मारतो. लगेच परत आलेलं टोक अर्ध्या खाचेत आदळू नये म्हणून टंबलरवर फ्लाय नावाची इवलीशी हलती पट्टी लागते. फ्लाय नसलेल्या लॉकला दुहेरी चाप लावू नका.

साध्या चापाची सगळी कला, तो जिच्यावर फिरतो त्या खिळीच्या जागेत आहे. चाप म्हणजे तरफ. खीळ सिअरच्या दांडीच्या किंचित पुढे, तिच्या जवळ आणि लाकडात उंचावर घेतली, तर ओढ हलकी येते. खीळ लांब आणि खाली गेली, की तोच चाप दगडासारखा जड. म्हणून भोक पाडण्याआधी जागा दहा वेळा मोजा. चाप हलका करायला टंबलरची खाच घासणं मला मुळीच पटत नाही; तिथे चूक झाली तर घोडा आपोआप सुटू शकतो.

दुहेरीत एकामागे एक दोन चाप असतात: मागचा चाप ओढून यंत्रणा ताणायची, पुढच्याने बार काढायचा. मधल्या स्क्रूने ओढ अगदी नाजूक करता येते. निशाणेबाजीला उत्तम. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्रसिद्ध हॉकन रायफलींवर हाच चाप दिसतो. घेताना प्रकार विचारा: काही चाप न ताणताही चालतात, काहींत ताणल्याशिवाय घोडा चढलेला राहतच नाही. चाप ज्यावर बसतात ती धातूची पट्टी लांब असते, शिवाय दस्त्याच्या नाजूक मुठीजवळ खोलवर कोरावं लागतं. पट्टी जास्त खोल गेली तर चाप सिअरला सतत ढकलतो, वर राहिली तर पोचतच नाही.

दोन्हींत एक तपासणी सारखी. लॉकचे स्क्रू पूर्ण आवळून, रिकाम्या बंदुकीत, गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा धरून घोडा खाली, अर्धा आणि पूर्ण चढवून पाहा. सिअरची दांडी कुठेच लाकडाला टेकता कामा नये, आणि चाप हलकासा सैल हवा. दुहेरी चाप ही तपासणी करताना न ताणता ठेवता येत नसेल, तर तो ताणूनच पाहा.

पहिली रायफल असेल तर मी साधाच चाप सुचवेन. लॉक मात्र फ्लायचं घ्या, ते साध्या चापाबरोबरही चालतं.