आकडीचा स्प्रे आणि बाटलीवरचा आकडा

अपस्माराचा रुग्ण असलेल्या घरात रोजच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी आता आणखी एक वस्तू दिसू लागली आहे: नाकात मारायची मिडॅझोलॅमची बोटभर बाटली. गोळ्या फीट येऊ नये म्हणून असतात. स्प्रेचं काम एवढंच, की आलेली फीट लांबली तर ती तोडायची. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबणं यांतल्या कशानेही फीट थांबत नाही. या औषधाने थांबते. तरीही वापरताना घोळ होतात आणि त्यातले बहुतेक औषधाचे नसतात, बाटलीचे असतात. म्हणून दोघांना वेगवेगळे गुण द्यावे लागतात: औषधाला पाचपैकी साडेचार, बाटलीला अडीच, तेही उदारपणे.

आधी औषध. मिडॅझोलॅम हे मेंदू शांत करणाऱ्या डायझेपाम आणि लोराझेपाम या औषधांच्या कुळातलं. त्याची खुबी अशी, की आम्लधर्मी पाण्यात ते विरघळतं, पण शरीरात शिरल्यावर त्याच्या रेणूचं रूप बदलतं आणि ते चरबीत विरघळू लागतं. त्यामुळे नाकाच्या अस्तरातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ते झटकन पोचतं. सुई नको, शीर शोधायला नको, दातखीळ बसली असली तरी अडत नाही. याची किंमत म्हणजे नाकात होणारी जळजळ, कारण द्रावण आम्लधर्मी. शुद्धीवर येता येता मुलाच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते नाक चोळतं, शिंकतं. घाबरायचं कारण नाही, थोड्या वेळात ते ओसरतं.

पुरावा किती भक्कम आहे? इस्रायलमध्ये ताप येऊन फीट लांबलेल्या ४४ मुलांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नाकातून मिडॅझोलॅम दिल्यावर २६ पैकी २३ वेळा फीट थांबली, शिरेतून डायझेपाम दिल्यावर २६ पैकी २४ वेळा. म्हणजे जवळपास बरोबरी. गंमत पुढे आहे. औषध आत गेल्यानंतरचा वेळ मोजला, तर शिरेतलं डायझेपाम थोडं आधी काम करतं. पण रुग्णालयाच्या दारापासून मोजलं तर नाकातलं औषध जिंकतं: सरासरी ६.१ मिनिटं, डायझेपामची ८. आचके देणाऱ्या मुलाच्या हातात सुई लावण्यातच ती मिनिटं जातात. दारातच एवढा फरक पडतो, तर जवळच्या रुग्णालयापासून तासाभरावर असलेल्या वाडीवर किती पडेल याचा अंदाज करता येतो.

घरगुती उपाय म्हणून पूर्वी डायझेपाम गुदद्वारातून देत. इंग्लंडमधल्या चार रुग्णालयांतला २००५ सालचा अभ्यास त्या पद्धतीची रवानगी करायला पुरेसा आहे: गालाच्या आत सोडलेल्या मिडॅझोलॅमने ५६ टक्के वेळा अपेक्षित परिणाम साधला, गुदद्वारातल्या डायझेपामने २७ टक्के वेळा. शिवाय वर्गात, एसटीत किंवा लग्नाच्या मांडवात कुणी कुणाचे कपडे सोडवणार?

आणखी एक अभ्यास मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. एकामागून एक फीट येणाऱ्या, १२ वर्षांपुढच्या रुग्णांना नाकातून ५ मिलिग्रॅम मिडॅझोलॅम किंवा औषध नसलेला फवारा दिला. दहा मिनिटांत फीट थांबण्याचं प्रमाण औषधात ८०.६ टक्के आणि नुसत्या फवाऱ्यात ७०.१ टक्के. फरक जेमतेम दहा. खरी तफावत नंतर दिसली: पुढच्या सहा तासांत पुन्हा फीट न येण्याचं प्रमाण औषधात ५८.२ टक्के, फवाऱ्यात ३७.३. याचा अर्थ बहुतेक फिटा आपल्या आपणच दोन-तीन मिनिटांत थांबतात. झटका सुरू झाल्या क्षणी स्प्रे मारून ‘बघा, लगेच गुण आला’ म्हणणाऱ्यांचं श्रेय बऱ्याचदा निसर्गाचं असतं. हात-पाय ताठ होऊन आचके देणारी फीट पाच मिनिटं उलटूनही थांबली नाही, तर ती आपण होऊन थांबण्याची शक्यता घसरत जाते. स्प्रे त्या वेळेसाठी. ज्यांना फिटांची माळ लागते त्यांना डॉक्टर आधीची वेळ लिहून देतात, तो भाग वेगळा.

आता बाटली. भारतात पंपाच्या बाटलीत साधारण दोन ताकदी मिळतात: एका पफमध्ये ०.५ मिलिग्रॅम आणि एका पफमध्ये १.२५ मिलिग्रॅम. दिसायला भावंडंच. नाकातून देण्याचा नेहमीचा हिशेब वजनाच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या बाटलीचे ८ पफ किंवा दुसरीचे साधारण ३. आता समजा चिठ्ठीवर फक्त ‘८ पफ’ लिहिलंय आणि दुकानदाराने पहिली नाही म्हणून दुसरी दिली. मुलाच्या नाकात १० मिलिग्रॅम जाईल, अडीचपट. श्वास मंदावण्याची भीती इथेच असते. उलटं झालं, ‘३ पफ’ची चिठ्ठी आणि ०.५ची बाटली, तर दीड मिलिग्रॅम जाईल, फीट ढिम्म हलणार नाही आणि घरचे म्हणतील, हे औषध आमच्या पोराला लागू पडत नाही. लागू न पडण्याच्या तक्रारींत कमी डोस हे कारण सगळ्यात आधी तपासावं. म्हणून चिठ्ठीवर पफ आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहून घ्या, आणि वजन वाढलं की आकडा बदलून घ्या. दोन वर्षांपूर्वी १४ किलोच्या पोराला ठरवलेले पफ आज २० किलोच्या पोराला पुरत नाहीत.

मोठ्या माणसाच्या बाबतीत ०.५ची बाटली जवळपास निरुपयोगी आहे, हे स्पष्टच सांगायला हवं. ५० किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे वीस पफ. एका पफमध्ये ०.१ मिली द्रावण, वीस पफचं झालं २ मिली. नाकाचं अस्तर एका बाजूला दोन-तीन दशांश मिलीच नीट शोषतं. बाकीचं घशात उतरतं. पोटात गेलेल्या मिडॅझोलॅमचा निम्म्याहून अधिक भाग रक्ताभिसरणात येण्याआधीच आतडं आणि यकृत मिळून निकामी करतात. वर हलणाऱ्या डोक्याला धरून वीस वेळा पंप दाबायचा, आकडा मनात मोजायचा, तोही चुकायचा. पन्नास पफची बाटली दोनदाच पुरते, ती वेगळीच. मोठ्यांनी १.२५ची बाटली मागावी. तिचे ८ पफ होतात, चार एका नाकपुडीत, चार दुसरीत.

पंपाची आणखी एक खोड. बाटलीच्या आत बुडापर्यंत जाणारी बारीक नळी असते. नव्या बाटलीत ती हवेने भरलेली असते, त्यामुळे पहिले तीन-चार पफ हवेचे. बारीक धुकं दिसेपर्यंत ते बाहेर मारून टाकायचे असतात. घरोघरी खोक्यासकट ‘सील’ जपून ठेवलेल्या बाटलीचा पहिला वापर ऐन फिटीत होतो आणि निम्मा डोस हवेचाच जातो. बाटली आणल्या दिवशी पंप भरून ठेवा. महिनोन्‌महिने पडून राहिली तर नळी पुन्हा रिकामी होते. पत्रकात सांगितलेल्या मुदतीने एक-दोन पफ बाहेर मारा आणि तारीख लिहा.

तिरकेपणाचं दुखणं याच नळीचं. फीट आलेला माणूस आडवा असतो, बाटली मात्र उभी हवी. आडव्या माणसाच्या नाकात टोक घातलं की बाटलीही आडवी होते, द्रावण एका बाजूला जातं आणि नळी हवा ओढते. भरलेल्या बाटलीत निभावतं, अर्ध्याखाली आलेल्या बाटलीत नाही. ज्याने हा पंप या कामासाठी निवडला त्याने जमिनीवर आचके देणारं माणूस पाहिलेलं नसावं.

याहून चांगलं करता येतं, हे इतरांनी दाखवलंय. अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळालेल्या नायझिलॅममध्ये एका पफमध्येच पूर्ण ५ मिलिग्रॅम असतं, ०.१ मिलीमध्ये. एक नाकपुडी, एक दाब, वस्तू फेकून द्यायची. पंप भरणं नाही, मोजणं नाही. मात्र तो १२ वर्षांपुढच्यांसाठी आणि इथल्या बाटलीच्या कैकपट महाग. युरोपात २०११पासून असलेलं ब्युकोलॅम गालाच्या आत सोडायचं: भरलेली छोटी पिचकारी, वयानुसार चार डोस आणि चार रंग. पिवळी २.५, निळी ५, जांभळी ७.५ आणि नारिंगी १० मिलिग्रॅमची. रंग ओळखता आला की झालं. आपल्याकडे ही अक्कल बाटलीत नाही, तेव्हा ती घरच्यांनी बाटलीवर चिकटवायची: पांढरी चिकटपट्टी, त्यावर जाड पेनने ‘पाच मिनिटांनी. डावी ४, उजवी ४’ आणि मुलाचं वजन.

प्रत्यक्ष वेळ आली की पहिलं काम फोनवर स्टॉपवॉच लावणं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाचासारखं वाटतं. कुशीवर वळवा, चष्मा काढा, कॉलर सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटं होत आली की लाळ आणि शेंबूड पुसून घ्या, नाहीतर औषध त्यातच तरंगत राहील. डोकं आणि खांदे मांडीवर घेऊन अर्धवट बसतं करा म्हणजे बाटली उभी राहते. टोक नाकपुडीत जेमतेम, मधल्या पडद्याकडे नव्हे तर त्याच बाजूच्या कानाकडे रोखलेलं. एक डावीकडे, एक उजवीकडे, असे आलटून पालटून पफ मारा, म्हणजे एकाच बाजूला डबकं होत नाही. मोजणी मोठ्याने, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशी. झालं की लगेच पुन्हा कुशीवर.

त्यानंतर छातीकडे बघत बसायचं. औषधाची गुंगी आणि फिटीनंतरचा थकवा मिळून माणूस तास-दोन तास झोपतो, ते अपेक्षितच. ओठ निळसर होणं, श्वास उथळ किंवा विरळ होणं अपेक्षित नाही. औषध देऊन पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, पूर्ण शुद्ध येण्याआधी दुसरी फीट आली, आयुष्यातली पहिलीच फीट असली, बाई गरोदर असली, डोक्याला मार लागला किंवा पाण्यात फीट आली, तर १०८ला फोन लावायचा. तसं पाहता, पहिल्यांदा स्प्रे वापरतानाही मदत बोलावून ठेवलेली बरी. ‘अजून दोन पफ मारून बघू’ हा प्रयोग करू नका. दुसरा डोस डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच, आणि श्वास ठीक असेल तरच.

सगळ्यांसाठी हा स्प्रे नाही. सहा महिन्यांखालचं बाळ, आधीच श्वासाचा गंभीर विकार, काचबिंदूचा तीव्र प्रकार यांत डॉक्टर वेगळा विचार करतात. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल यांसारखी औषधं चालू असतील तर मिडॅझोलॅम शरीरात जास्त काळ रेंगाळतं; कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दारू सोबत असेल तर श्वासावर दुहेरी दाब येतो. रोज कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्यांत ते लवकर मोडतं. चोंदलेल्या नाकात शोषण कमी होतं. सर्दीवाल्या मुलांसाठी गालातून औषध देण्याचा पर्याय आधीच विचारून ठेवावा. आणि महिन्याला चार-पाचदा बाटली उघडावी लागत असेल, तर रोजच्या गोळ्यांची मात्रा तपासायला हवी; स्प्रे हा त्यावरचा इलाज नव्हे.

खरेदीचं बोलायचं तर मिडॅझोलॅम एच-वन यादीत आहे. दुकानदार रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहितो, ती वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका आणि न मिळाल्यास त्याच्यावर चिडू नका. लहान गावात मागवून घ्यावं लागतं, तेव्हा संपण्याआधी सांगून ठेवा. काउंटरवरच तीन गोष्टी वाचा: प्रत्येक पफला किती मिलिग्रॅम, एकूण किती पफ, एक्स्पायरी. घरी उन्हापासून दूर, खोलीच्या तापमानाला. फ्रीजरमध्ये नको आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. एक बाटली घरी, एक शाळेत, डॉक्टरांच्या सहीच्या पत्रासकट. पत्राशिवाय बाई किंवा सर हात लावायला धजत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

शिक्षकांना, आजी-आजोबांना दाखवण्यासाठी औषध वाया घालवायची गरज नाही. नाकात मारायचा सलाइनचा साधा पंप-स्प्रे तसाच चालतो. काळं कापड दोरीवर टाका, हातभर अंतरावरून बाटली उभी धरून चार पफ मारा. मग ती अर्धी रिकामी करून आडवी धरा आणि पुन्हा चार मारा. पहिल्या वेळी कापडावर ओलं वर्तुळ उमटेल, दुसऱ्या वेळी तुटक थेंब.