रिअ‍ॅक्टची लांब यादी अडखळतेय: मेमो, कंपायलर की व्हर्च्युअलायझेशन?

समजा, नाशिकमधली तुमची छोटी टीम कांदा व्यापाऱ्यांसाठी रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेलं वेब अ‍ॅप चालवते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला इथली आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव एकाच तक्त्यात. लिलाव रंगात आला की नोंदी धडाधड येऊ लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, पण व्यापाऱ्याच्या साध्या अँड्रॉइड फोनवर शोधपेटीतलं अक्षर उशिरा उमटतं. मग टीममधला एक जण म्हणतो मेमो (माहिती न बदललेला भाग पुन्हा न आखू देणारी सोय) लावू, दुसरा म्हणतो फ्रेमवर्कच बदलू.

दोघांनाही थांबवा. वेळ कुठे जातोय हे कळल्याशिवाय ही निवड करता येत नाही. प्रॉडक्शन बिल्ड, म्हणजे वापरकर्त्यांकडे जाणारी आवृत्ती, घ्या (डेव्हलपमेंट बिल्ड मुळातच संथ असतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका), क्रोममध्ये सीपीयू चार पट मंद करा आणि टाइप करून बघा. क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये जावास्क्रिप्टच्या पट्ट्या लांब दिसल्या तर दुखणं कंपोनंट (पानाचे तुकडे) पुन्हा पुन्हा रेंडर होण्यात, म्हणजे नव्याने आखले जाण्यात, आहे. लेआउट आणि स्टाइलच्या पट्ट्या लांब असतील तर डॉम, म्हणजे ब्राउझरने ठेवलेली पानाच्या घटकांची रचना, फुगलाय. गूगलच्या निकषानुसार आयएनपी (क्लिक किंवा टाइप केल्यावर पानाचा प्रतिसाद दिसायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगला. मार्च 2024 पासून जुन्या एफआयडीच्या (फक्त पहिल्या क्रियेचा विलंब मोजणाऱ्या मापाच्या) जागी हेच माप आहे.

पहिल्या दुखण्यावर हाताने लावलेला मेमो की कंपायलर? मेमो जुन्या प्रॉप्सची (कंपोनंटला बाहेरून मिळणाऱ्या माहितीची) नव्यांशी वरवर तुलना करतो, आणि तिथेच फसगत होते. पालक कंपोनंटने जागेवरच लिहिलेलं फंक्शन किंवा ऑब्जेक्ट पाठवलं की ते दर वेळी नवं ठरतं आणि मेमो असून नसल्यासारखा. मग फंक्शन जपून ठेवणारं युजकॉलबॅक आलं, मूल्य जपून ठेवणारं युजमेमो आलं, त्यांच्या डिपेन्डन्सी (ज्या बदलल्या की ते पुन्हा बनवायचं त्या गोष्टी) आल्या. सहा महिन्यांनी कुणीतरी एक प्रॉप वाढवतो आणि सगळी साखळी गुपचूप तुटते. ऑक्टोबर 2025 मध्ये 1.0 झालेला रिअ‍ॅक्ट कंपायलर हेच काम बिल्डच्या वेळी करतो आणि थोड्या जोडणीने रिअ‍ॅक्ट 17 व 18 वरही चालतो. अट एकच: कोड रिअ‍ॅक्टचे नियम पाळणारा हवा. रेंडर चालू असताना ॲरे जागच्या जागी बदलणारा कोड असेल तर आधी ईएसलिंटचे (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचे) इशारे निस्तरा. नियम मोडणारा कंपोनंट सापडला तर कंपायलर तो सोडून देतो, म्हणजे अ‍ॅप चालतं पण तिथे फायदा शून्य. तरीही चालू प्रकल्पात माझं मत कंपायलरलाच. मेमो हाताने ठेवायचा तो एखाद्या मोजून सिद्ध झालेल्या जागी.

अर्थात काही गोष्टींना दोन्हींची गरजच नसते. हेडरमधल्या सेकंदागणिक बदलणाऱ्या घड्याळाची स्टेट (बदलती माहिती) सगळ्यात वरच्या कंपोनंटमध्ये असेल तर ती घड्याळातच न्या. यादीतल्या ओळींना ‘की’ (key, ओळ ओळखायची खूण) म्हणून इंडेक्स, म्हणजे ओळीचा क्रमांक, दिला असेल आणि नवी नोंद वरती येत असेल, तर प्रत्येक ओळीचे प्रॉप्स बदलतात आणि मेमो काय, कंपायलर काय, कुणीच वाचवत नाही. नोंदीचा स्वतःचा आयडी द्या. सॉकेटवरून, म्हणजे सर्व्हरशी सतत उघड्या असलेल्या जोडणीवरून, येणाऱ्या नोंदीही एकेक करून स्टेटमध्ये टाकू नका, क्षणभर साठवून एकदम टाका. रिअ‍ॅक्ट 18 चं बॅचिंग (अनेक बदल एकदम लागू करणं) वेगवेगळ्या वेळी आलेल्या संदेशांना एकत्र करत नाही.

डॉमच फुगला असेल तर वरचं काहीच पुरणार नाही. दीड हजार ओळी गुणिले आठ रकाने म्हणजे बारा हजार सेल. व्हर्च्युअलायझेशनमध्ये दिसणाऱ्या आणि आसपासच्या थोड्या ओळीच डॉममध्ये राहतात. रिअ‍ॅक्ट-विंडो किंवा टॅनस्टॅक व्हर्च्युअल या तयार लायब्ररीने काम होतं आणि फरक लगेच जाणवतो. पण किंमतही मोजावी लागते: ब्राउझरच्या शोधात न दिसणाऱ्या ओळी सापडत नाहीत, छपाईत त्या गायब होतात आणि ओळींची उंची कमीजास्त असेल तर मोजमापाची कटकट. आडत्याला रोजचा तक्ता छापून हवा असेल तर छपाईसाठी वेगळं पान करावं लागेल. सीएसएसचं कंटेंट-व्हिजिबिलिटी: ऑटो हा स्वस्त पर्याय. ओळी डॉममध्ये राहतात, शोधही चालतो, पण रिअ‍ॅक्टचं रेंडरिंग काही वाचत नाही. काहीशे ओळी असतील तर मी यानेच सुरुवात करेन; हजारांत गेलं की व्हर्च्युअलायझेशन.

शोधपेटीसाठी रिअ‍ॅक्टचं युजडिफर्डव्हॅल्यू जरूर वापरा. अक्षर लगेच उमटतं, तक्ता मागून येतो. तक्ता मेमो केलेला नसेल तर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि एकूण काम कमी होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

सिग्नल्सकडे, म्हणजे बदललेलं मूल्य फक्त त्याच्याच जागी पोचवणाऱ्या पद्धतीकडे, वळावं का? ती वापरणाऱ्या सॉलिड या फ्रेमवर्कमध्ये कंपोनंटचं फंक्शन एकदाच चालतं आणि बदललेला भाव थेट त्याच्या सेलमध्ये जातो. सतत हलणाऱ्या आकड्यांसाठी ही रचना खरंच सरस आहे. पण बारा हजार सेल तिथेही बारा हजारच राहतात, आणि एका यादीपायी चालू अ‍ॅप पुन्हा लिहायला मी सांगणार नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी गर्दीचे थेट आकडे दाखवणारा डॅशबोर्ड कुणी कोऱ्या पानावर सुरू करत असेल, तर त्यांनी आठवडाभर सॉलिडमध्ये नमुना बांधून बघावा.