बर्बनचा आनंद घ्यायचा तर कुठे: घरच्या टेबलावर, केंटकीच्या गोदामात की बार्ड्सटाउनच्या उत्सवात?

बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, आवडायला लागली की पुढचा प्रश्न येतोच: आता ती नीट समजून घ्यायची, साजरी करायची, तर कशी? कोणी उत्सवासाठी सप्टेंबरची तिकिटं काढून अमेरिकेतलं केंटकी राज्य गाठायचं म्हणतं, कोणाला घरीच चार बाटल्या मांडून मित्रांबरोबर बसायचं असतं, कोणी ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलवर खूश असतं, आणि कोणाच्या डोक्यात एखादी दुर्मिळ बाटली घर करून बसलेली असते. पैसा आणि रजा दोन्ही मोजकं असेल तर यातलं एक निवडावं लागतं. माझा क्रम स्पष्ट आहे. आधी घरचं चाखणं, मग केंटकीतले साधे, गर्दी नसलेले दिवस, त्यानंतर उत्सव. दुर्मिळ बाटली सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतली तरी चालेल.

असं का, ते कळायला बर्बनचा कायदा थोडा माहीत हवा. धान्यात किमान ५१ टक्के मका, आणि मुरवायला आतून जाळलेलं, कोरं ओकचं पिंप. पिंपात भरताना अल्कोहोलची तीव्रता ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, बाटलीत ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. वरून रंग किंवा चव घालायला परवानगीच नाही. म्हणजे व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास, तो तांबूस रंग, हे सगळं धान्य, लाकूड आणि केंटकीचा उन्हाळा यांनी मिळून केलेलं काम आहे. हे काम ज्या पद्धतीत जास्त जवळून कळतं, ती पद्धत माझ्या लेखी जास्त मोलाची.

घरच्या टेबलावर ते सगळ्यात स्पष्ट कळतं, कारण तिथे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवता येतात. बाटल्या मात्र विचार करून निवडायच्या. मेकर्स मार्कमध्ये मका आणि बार्ली यांच्या जोडीला राय हे धान्य नसतं, गहू असतो. बफेलो ट्रेसमध्ये राय असते. दोन्ही ४५ टक्क्यांच्या, त्यामुळे तीव्रतेचा फरक आड येत नाही आणि धान्याकडे लक्ष जातं: गव्हाची जिभेवर मऊ आणि गोडसर उतरते, रायची मिरीसारखी हलकी चुणूक देते. तिसरी वाइल्ड टर्की १०१ ठेवा, ५०.५ टक्क्यांची. चौथी एखादी बॉटल्ड-इन-बाँड. हा १८९७ सालचा अमेरिकन कायदा: एकाच डिस्टिलरीची (दारू गाळायच्या कारखान्याची), एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. बाटल्यांना कागद गुंडाळून आकडे टाका. नाव दिसलं की जीभ नावाचंच ऐकते.

प्रत्येकाला प्रत्येक बाटलीतली १५ मिली पुरे. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखायचा खास ग्लास असेल तर उत्तम, नाहीतर तोंडाशी निमुळता होणारा छोटा वाइन ग्लास. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हळू वास घ्या, नुसता अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट फक्त जीभ तयार करायला. दुसरा तोंडात घोळवा, चावल्यासारखा. मग चमच्याने तीन-चार थेंब साधं पाणी घाला आणि पुन्हा वास घ्या, तोच ग्लास वेगळा लागतो. बर्फ या बैठकीत नको, गारव्याने वास दबतो. शेवटी रिकामा ग्लास तसाच राहू द्या आणि अर्ध्या तासाने हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, उरतो तो जळक्या ओकचा आणि गुळाच्या पाकाचा वास. पिंपाने काय दिलं ते इतकं उघडं मला दुसरीकडे कुठेच कळलेलं नाही.

मसाला शेंगदाणे आणि फरसाण बैठक संपेपर्यंत लांब ठेवा. नंतर शेंगदाण्याची चिक्की जरूर काढा, बर्बनशी तिचं फार छान जमतं.

भारतात खर्चाचा मुद्दा आहेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, तरी राज्याचे कर धरून बाटली स्वस्त पडत नाही. चौघांनी मिळून वर्गणी काढावी, किंवा परदेशातून येणाऱ्याच्या ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरवर हक्क सांगावा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, बैठकीला बोलावताना हे लक्षात असू द्या.

कॉकटेलचं पटकन सांगते. पाहुणे दहा-बारा असतील तर ओल्ड फॅशन्डला तोड नाही: साखर, बिटर्स (कडवट अर्काचे थेंब), संत्र्याची साल, एक मोठा बर्फ. पण बर्बन ओळखायला हा रस्ता कच्चा, साखर आणि संत्रं बरंच काही झाकतं. महागडी बाटली यात घालू नका, साधी पण ५० टक्क्यांची घाला, ती टिकून राहते. मिंट जुलेप हवं असेल तर डर्बीचं निमित्त धरा. लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्सवर १८७५ पासून होणारी ही घोड्यांची शर्यत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. पुदिना, कुटलेला बर्फ आणि बर्बन हे तिथलं ठरलेलं पेय. मुख्य शर्यत सुटते तेव्हा भारतात रविवारची पहाट असते, म्हणून ही पार्टी अमेरिकेतल्या मंडळींनाच सोयीची.

आता केंटकी. शिकागोहून लुइव्हिल गाडीने साधारण पाच तास, तेव्हा मिडवेस्टमधल्या मराठी कुटुंबांना लांबलेला वीकएंडही पुरतो. १९९९ साली तिथल्या डिस्टिलरांच्या संघटनेने डिस्टिलऱ्या जोडणारा बर्बन ट्रेल हा पर्यटनमार्ग सुरू केला आणि फिरणं सोपं झालं. सगळं पाहायचा हट्ट धरू नका, दिवसाला दोन डिस्टिलऱ्या पुष्कळ. लोरेटोला मेकर्स मार्कमध्ये आपली बाटली आपल्याच हाताने लाल मेणात बुडवता येते. व्हर्सायजवळच्या वुडफर्ड रिझर्व्हमध्ये दारू गाळायची तांब्याची मोठी भांडी बघण्यासारखी आहेत. एकच निवडायची असेल तर मी फ्रँकफर्टची बफेलो ट्रेस निवडेन: जुन्या विटांच्या इमारती, आणि साधी फेरी फुकट. तिचं बुकिंग मात्र बरंच आधी करावं लागतं.

खरी शिकवण गोदामात मिळते. आत अंधूक उजेड, लाकडी मांडण्यांवर आडवी ठेवलेली पिंपं, एकेक सुमारे दोनशे लिटरचं. काहींच्या फळ्यांतून पाझरून वाळलेले चिकट काळे ओघळ. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात, दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. वरच्या आणि खालच्या मजल्यावरची पिंपं म्हणूनच एकाच दिवशी भरलेली असली तरी चवीला वेगळी निघतात. दरवर्षी थोडी दारू हवेत उडून जाते, आणि त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने आसपासच्या भिंती आणि झाडांची खोडं काळी पडलेली दिसतात. घरी चाखून गेलात तर हे पाहताना जिभेवरची चव आठवते, नुसतेच गेलात तर ती एक सहल होते. माझा क्रम ठरला तो यामुळेच.

जायचं तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. भर उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी डागडुजीसाठी उत्पादन बंद असतं, आणि फसफसत्या आंबवणाचा तो पावासारखा वास मग मिळत नाही. रस्ते गावाकडचे, वळणांचे आहेत. न पिणारा चालक आधी ठरवा किंवा टूरची बस घ्या.

बार्ड्सटाउनचा केंटकी बर्बन फेस्टिव्हल १९९२ पासून सप्टेंबरमध्ये भरतो. एकाच मैदानात पुष्कळ डिस्टिलऱ्या, आणि ज्यांनी दारू गाळली त्या माणसांशी समोरासमोर बोलायची संधी. ही संधी मोठी आहे, ज्याला विचारायला प्रश्न आहेत त्याच्यासाठी तर फारच मोठी. नवख्याचं मात्र दहाव्या घोटानंतर नाक आणि जीभ दोन्ही थकतात, आणि त्या दिवसांत छोट्या गावातल्या खोल्या महाग होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जा.

दुर्मिळ बाटलीबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पॅपी व्हॅन विंकलसारखी बाटली छापील किमतीत मिळणं जवळजवळ अशक्य, आणि बाहेर तिला हजारो डॉलर मोजावे लागतात. तेवढ्यात दोघांची केंटकीवारी होते. स्कॉचच्या सवयीने आपण जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली असं धरतो. बर्बनचं पिंप कोरं आणि हवा गरम, त्यामुळे फार वर्षांनी लाकूड वरचढ होऊन तुरटपणा येऊ शकतो. सहा ते बारा वर्षांच्या बर्बनमध्ये मला धान्य आणि लाकूड दोन्ही लागतं.

बरोबर न पिणारं कोणी असेल तरी केंटकी रद्द करू नका. तिथल्या लेबनन गावच्या कूपरेजमध्ये, म्हणजे पिंपांच्या कारखान्यात, पिंपं घडताना आणि आतून जाळली जाताना पाहता येतात, आणि बार्ड्सटाउनचं ऑस्कर गेट्झ व्हिस्की संग्रहालय थेंबही न घेता दोन तास सहज गुंतवून ठेवतं.