ग्रुप पॉलिसी की ॲप-व्ही?
ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (विंडोज नेटवर्कवरच्या वापरकर्त्यांची आणि पीसींची मध्यवर्ती नोंद) अकाउंट्स विभागाच्या गटाला सॉफ्टवेअर द्यायचंय. ग्रुप पॉलिसीने (पीसींना एकाच जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय) एमएसआय, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, पाठवावी की ॲप-व्ही पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल न करता वेगळ्या कप्प्यात चालणारं ॲप?

खर्चात ग्रुप पॉलिसी सरस, विंडोज प्रोवरही चालते. पीसीवरच्या ॲप-व्ही क्लायंटला विंडोजची एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. मेहनतही तिथेच जास्त: प्रत्येक ॲप आधी सीक्वेन्स करायचं (म्हणजे त्याचं ॲप-व्ही पॅकेज बनवायचं), आणि ड्रायव्हर त्यात बसतच नाहीत.

पण खरा फरक वापरात कळतो. ॲप-व्हीमधलं ॲप इतरांपासून वेगळं चालतं, म्हणून एकाच पीसीवर जुनी-नवी आवृत्ती भांडत नाही. माणूस गटातून काढला की पुढच्या रिफ्रेशनंतर त्याचं ॲपही जातं.

मात्र ही पॅकेजं वाटणाऱ्या ॲप-व्ही सर्व्हरचा सपोर्ट एप्रिल २०२६पर्यंतचाच. त्याची नवी उभारणी मी सुचवणार नाही. साध्या एमएसआयला ग्रुप पॉलिसी पुरेशी. आवृत्त्यांची भांडणं असतील, तर ॲप-व्ही पॅकेजं त्या सर्व्हरऐवजी कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून (पीसींवर सॉफ्टवेअर पाठवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) त्याच गटांना द्या.