शिवाजी पार्क : बाग समजून जाणाऱ्यांसाठी

हिरवळ, कारंजी आणि फुलांचे ताटवे मनात धरून दादरच्या शिवाजी पार्कवर येणाऱ्या पाहुण्याची पहिल्या पाच मिनिटांतच निराशा होते, कारण सुमारे २८ एकरांची ही जागा नावाने पार्क असली तरी वृत्तीने निव्वळ मैदान आहे. सावली मिळते ती कडेच्या जुन्या झाडांखाली. मध्यावर ऊन आणि लाल माती, एवढेच.

१९२५ साली मुंबई महापालिकेने हे मैदान ‘माहीम पार्क’ म्हणून लोकांना खुले केले आणि १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे गाजल्या आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावाही येथेच भरला. २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवल्यावर सभांवर मर्यादा आल्या. जुन्या श्रोत्यांना ते खटकले, पण भोवती राहणाऱ्यांचा विचार करता मला तो निर्णय योग्य वाटतो.

या जागेचे खरे वैभव मात्र मैदानाला वेढणारा कट्टा आहे. बसता येईल इतक्याच उंचीच्या या भिंतीमुळे आत खेळणारा आणि बाहेर बसणारा यांच्यात आडपडदा उरत नाही, त्यामुळे निवृत्त मंडळी, परीक्षेला कंटाळलेली मुले आणि नुकतेच लग्न ठरलेले जोडपे एकाच ओळीत बसून एकच सामना पाहतात. सामना ‘एकच’ म्हणणेही धाडसाचे, कारण एका डावाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीला पाठ लावून उभा असतो. रमाकांत आचरेकरांनी याच दाटीत सचिन तेंडुलकरला घडवले.

उणीव सांगायची तर धूळ. पाणी शिंपडले तरी उन्हाळ्यात लाल माती उडतेच, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी सकाळी लवकर जाऊन येणे बरे.

६ डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांच्या निवाऱ्यासाठी येथे मंडप उभे राहतात आणि पुस्तकांची दुकाने लागतात. त्या दिवसांत क्रिकेटची आशा धरू नये. रिकामी पिशवी मात्र जरूर न्यावी.