पहिले घरगुती ऊर्ध्वपातन यंत्र: काच, तांबे की स्टील?

ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वनस्पतीतून पाण्याची वाफ नेऊन ती पुन्हा थंड करून, पाने, फुले किंवा मुळे यांचा अर्क (सुगंधी पाणी) आणि थोडेसे सुगंधी तेल घरी काढावे असे ज्याच्या मनात येते, त्याच्यासमोर साधारण तीन वाटा असतात: प्रयोगशाळेत असतो तसा काचेचा संच घेणे, हाताने घडवलेले तांब्याचे यंत्र घेणे, किंवा स्टीलच्या झाकणबंद भांड्याला नळी जोडून यंत्र स्वतः तयार करणे. हे लिहिताना माझा कौल तिसऱ्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही नवखा माणूस ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवतो ती, म्हणजे भांड्याचा धातू, निकालाच्या दृष्टीने दुय्यम असते आणि वाफ थंड करणारा भाग, म्हणजे कंडेन्सर, जवळजवळ सगळे ठरवतो, असे माझे मत आहे.

येथे केवळ पाणी आणि वनस्पती यांचा विचार केला आहे. मद्यार्काचे ऊर्ध्वपातन परवान्याशिवाय करणे बहुतेक देशांत गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ साली स्वतःच्या वापरापुरती मुभा दिली, हा अपवाद. शिवाय मद्यार्काची वाफ पेट घेते आणि पाण्याची वाफ घेत नाही, त्यामुळे ती जोखीमच वेगळी आहे. काही ठिकाणी नुसते यंत्र बाळगण्यासही नोंदणी लागते. म्हणून खरेदीपूर्वी आपल्याकडचा नियम वाचून घ्यावा.

काचेच्या संचाचा मोठा गुण म्हणजे तो काहीच लपवत नाही. फ्लास्कमध्ये उकळी कधी फुटली, वाफ नळीत कुठपर्यंत पोहोचली, तेलाची पहिली तकाकी पाण्यावर केव्हा दिसली, हे सगळे डोळ्यांनी पाहता येते आणि शिकण्यासाठी याहून चांगले साधन नाही. अशा संचाची बोरोसिलिकेट काच (उष्णता सोसणारी काच) तापमानातला फरक साध्या काचेपेक्षा पुष्कळ चांगला सोसते; तरीही थेट ज्योतीवर ठेवलेल्या किंवा गरम असतानाच थंड पाण्याखाली धरलेल्या फ्लास्कची हमी कोणी देणार नाही. मोठी अडचण आकाराची आहे. २ लिटरच्या फ्लास्कमध्ये फार तर पाव किलो पाला मावतो. निलगिरीच्या पानांत १ टक्का तेल धरले, तर त्यातून अडीच मिलिलिटर तेल मिळेल आणि ते निदान दिसेल तरी. पण गुलाबाच्या पाकळ्यांत तेलाचे प्रमाण ०.०२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे पाव किलो पाकळ्यांतून जेमतेम एक थेंब. ज्याला प्रक्रिया समजून घ्यायची आहे त्याने काच घ्यावी, ज्याला बाटली भरायची आहे त्याने घेऊ नये.

तांब्याभोवती वलय आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. तांबे उष्णता सर्वत्र सारखी पसरवते, त्यामुळे पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या तळाशी लागून करपण्याची भीती कमी होते. गंधकाची संयुगे धरून ठेवण्याचा तांब्याचा जो गुण नेहमी सांगितला जातो, तो आंबवलेल्या द्रवासाठी मोलाचा आहे. पाल्याच्या अर्काला त्याचा फायदा होतो, पण त्यासाठी एवढा खर्च करावा इतका नाही. जुन्या घडणीच्या यंत्रात घुमट आणि भांडे यांमधला सांधा कणकेने लिंपतात. ही रीत दिसायला गावठी असली तरी शहाणपणाची आहे, कारण आत दाब वाढलाच तर भांडे फाटण्याआधी कणीक सुटते.

तांब्याचा दोष मात्र जपणुकीचा आहे. बहुतेक अर्क किंचित आम्लधर्मी असतात. ते तांब्यात साठून राहिले तर भांडे कळकते आणि अर्काला हिरवट-निळसर झाक येते. असा अर्क तोंडात तर नाहीच, चेहऱ्यावरही घेऊ नये. प्रत्येक वापरानंतर भांडे धुऊन, पुसून, उघडे वाळवण्याची शिस्त ज्याच्याकडे नाही त्याने तांब्याच्या वाटेस जाऊ नये, किंवा आतून कल्हई केलेले भांडे घ्यावे. सांध्यांना लावलेला डाख (सोल्डर) शिशाचा नाही याची विक्रेत्याकडून खातरी करून घ्यावी. उत्तर मोघम मिळाले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

स्टीलचे यंत्र दिसायला सामान्य असते, पण १० लिटरच्या भांड्यात किलो-दीड किलो पाला सहज मावतो, आम्लाने ते खराब होत नाही आणि कालच्या पुदिन्याचा वास आजच्या गुलाबात उतरत नाही. कुकर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. शिट्टीच्या जागी नळी बसवली की झाले, असे वाटते. परंतु ते भोक इतके बारीक असते की पानाचा एखादा तुकडा अडकला तरी वाट बंद होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते, हे लक्षात घेतले की बंद वाटेचा अर्थ कळतो. म्हणून झाकणाला १२ ते १५ मिलिमीटर व्यासाची नळी बसेल असे नवे भोक पाडावे, कुकर असल्यास त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवरच ठेवावा आणि वाफेच्या मार्गावर कुठेही तोटी किंवा झडप बसवू नये. वॉशर सिलिकॉनचे असावे; रबराचा वास अर्कात उतरतो आणि मग जात नाही. ॲल्युमिनियमचे भांडे मुळातच टाळावे.

आता कंडेन्सर. एक लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. थंड करणारे पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापू द्यायचे ठरवले, तर एक लिटर अर्कासाठी सुमारे ३० लिटर पाणी लागते. याचा सरळ अर्थ असा की, २० लिटरच्या बादलीत वाफेच्या नळीचे वेटोळे बुडवून बसलेल्या माणसाची बादली अर्धा-पाऊण लिटर अर्क निघेपर्यंत गरम झालेली असते आणि त्यानंतर येणारा अर्क कोमट असतो. कोमट अर्कातून सुगंध खोलीत दरवळतो, म्हणजे तो बाटलीतून गेलेला असतो. पाणी फिरते ठेवावे, ते बादलीच्या तळाशी आत यावे आणि वरून बाहेर पडावे. आच इतकीच असावी की नळीच्या टोकाशी थेंब हाताला थंड लागतील. वेटोळ्यासाठी तांबे की स्टील हा वाद मी फारसा मनावर घेत नाही. तांब्याची उष्णतावाहकता स्टीलच्या पंचवीसपट आहे हे खरे, पण नळीची भिंत इतकी पातळ असते की प्रत्यक्षातला फरक त्या आकड्याच्या जवळपासही येत नाही. तांब्याची नळी हाताने वळवता येते, हेच तिचे खरे कारण.

वळवताना नळीत कोरडी बारीक वाळू ठासून भरावी, म्हणजे ती चेपत नाही. पहिल्या खेपेस मी हे केले, पण वेटोळ्याचा एक फेरा किंचित खाली झुकल्याचे माझ्या लक्षात आले नाही. त्या खोलगट जागी पाणी साचत राहिले आणि दर थोड्या वेळाने गुडगुड आवाज होऊन वाफेसह गचक्याने बाहेर फेकले जाऊ लागले. भांड्यात दोष शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. नळीला सुरुवातीपासून टोकापर्यंत उतार हवा, मध्ये कुठेही चढ नको.

पाला पाण्यात बुडवायचा की जाळीवर ठेवून खालून वाफ द्यायची, हेही यंत्र ठरवतानाच पाहावे. गुलाबाच्या पाकळ्या वाफेवर एकमेकींना चिकटून गोळा होतात, म्हणून त्या पाण्यातच मोकळ्या तरंगू द्याव्या लागतात. लव्हेंडरचे उलट आहे. त्याच्या सुगंधातला महत्त्वाचा घटक, लिनॅलिल ॲसिटेट, उकळत्या पाण्यात दीर्घकाळ राहिल्यास विघटित होतो, म्हणून लव्हेंडर जाळीवरच बरे. वाळ्याच्या मुळांना कित्येक तास वाफ द्यावी लागते, तेव्हा पहिल्या यंत्रावर ते धरू नयेत. आणि मोगऱ्या-जाईचा गंध तर या मार्गाने नीट निघतच नाही, मग यंत्र कोणतेही असो. स्टीलच्या भांड्यात जाळी काढता-घालता येते, त्यामुळे दोन्ही रीती एकाच यंत्रावर होतात, आणि माझा कौल तिकडे झुकण्याचे निम्मे कारण हेच आहे.

यंत्र जोडून झाल्यावर पहिली खेप नुसत्या पाण्याची काढावी आणि दुसरी पाण्यात थोडे व्हिनेगर घालून. दोन्ही वेळचे पाणी फेकून द्यावे. त्या तासाभरात सांध्यांजवळ थंड चमचा धरून पाहावा. जिथे चमच्यावर दव धरेल तिथून वाफ निसटते आहे, तेव्हा भांडे निवल्यावर तिथले वॉशर बदलावे आणि मगच पाला आणावा.